लेन्सवरची हळद

माझा नवरा लोकांना सांगतो की माझी बायको काचा पुसते. आम्ही ऑस्ट्रेलियात राहतो त्या गिरावीन या उपनगरात शनिवारच्या पार्ट्यांना अर्धे लोक आयटीतले असतात आणि उरलेले आयटीतल्यांशी लग्न केलेले. तिथे हे वाक्य छान खपतं. मग हमखास कुणीतरी हळहळून विचारतं, "इथे येऊन पुढे काही शिकायचा विचार नाही का केलास?" मी फिजिक्समध्ये एमएस्सी आहे हे सांगायचा मला आता कंटाळा आलाय. मी प्लेटमधला ढोकळा संपवते.

तसं तो खोटं बोलत नाही. आमची कंपनी लेसरने लोखंडी पत्रे कापणाऱ्या मशीनची हेड दुरुस्त करते. हेड म्हणजे त्या मशीनचं तोंड. लेसर तिथून बाहेर पडतो. आत लेन्स असतात आणि खाली ठिणग्या अडवायला एक सपाट काच. या सगळ्या काचांवर एक अतिशय पातळ कोटिंग असतं, म्हणजे लेसर न अडखळता आरपार जातो. त्या कोटिंगवर धुळीचा एखादा कण बसला, बोटाचा ठसा उमटला, कुणी शिंकलं, की ती घाण लेसरचा उजेड पिऊन तापते आणि कोटिंग जळतं. मग लेन्स जाते, मशीन थांबतं आणि कस्टमर फोनवर आमचा उद्धार करतो. माझं काम म्हणजे लेन्स कडेने धरून अंधाऱ्या कोपऱ्यात न्यायची, तिच्यावर बॅटरीचा झोत तिरपा मारायचा आणि काय बसलंय, काय जळलंय ते बघायचं. मग मायक्रोस्कोप. पुसणं सगळ्यात शेवटी, आणि तेही एकदाच, एकाच दिशेने.

हे काम करता करता माणसं कशी खोटं बोलतात त्याची मी तज्ज्ञ झाले आहे. "आम्ही हातसुद्धा लावला नव्हता," असं प्रत्येक कस्टमर सांगतो. एकाने हे सांगितलेल्या लेन्सवर त्याचा अख्खा अंगठा भाजून पक्का झाला होता, रेषा न् रेषा. पोलिसात दिला असता तरी चालला असता. कुणी लेन्स टीशर्टला पुसतं, कुणी खिडक्या पुसायच्या स्प्रेने, कुणी तोंडाची वाफ सोडून, चष्म्यासारखी. एकाने हँड सॅनिटायझर वापरलं होतं आणि वर मला सुनावलं होतं, "जंतू मरतात ना त्याने?"

आमच्या क्लीनरूममध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या बंद खोलीत, तपासणीच्या टेबलाशी आम्ही दोघंच. दुसरा एक ऑस्ट्रेलियन, साठीकडे झुकलेला, अंगाने आडवा, हाताने हळुवार. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर एक खळगा आहे. आयुष्यभर उन्हात क्रिकेट खेळला, बोट चालवली, आणि डॉक्टरांनी त्वचेच्या कॅन्सरसकट नाकाचा तेवढा तुकडा काढून घेतला. तो मोजकं बोलतो, पण टेबलाशी त्याच्या शेजारी बसायला मला आवडायचं. मी लेन्स पुढे केली की तो झोत मारायचा, तो हुंकारला की मी ओळखायचे, ही गेली.

आणि आमचा मॅनेजर. हा आधी बिस्किटांच्या कारखान्यात होता. चाळिशीचा, तरतरीत, दात जाहिरातीतले. बिस्कीट आणि लेन्स यांत त्याच्या मते तत्त्वतः फरक नव्हता. दोन्ही गोल, दोन्ही स्वच्छ हवेत पॅक होतात आणि दोन्हींमध्ये केस सापडला की तक्रार येते. आल्या आल्या त्याने भिंती पोस्टरांनी भरून टाकल्या. पाठ वाकवू नका. पाणी प्या. एकमेकांना 'आर यू ओके' विचारा. (हे तो स्वतःही विचारायचा, पण उत्तर येईपर्यंत थांबायचा नाही.) मग त्याने उन्हापासून सुरक्षेचा महिना जाहीर केला आणि क्लीनरूमच्या बाहेरच्या खोलीत, जिथे आम्ही झगा, टोपी, मास्क आणि ग्लव्ह्ज चढवतो, तिथल्या भिंतीवर सनस्क्रीनचा मोठा पंप लावून घेतला. लोकांनी लंचला बाहेर जाताना सहज दाबावा म्हणून. पंपाशेजारी उभं राहून त्याने अंगठा वर करून फोटो काढला आणि हेड ऑफिसला पाठवला.

त्यानंतर थोड्याच काळात लेन्स परत यायला लागल्या.

आम्ही तपासून, साफ करून, सील करून पाठवलेल्या लेन्स. कस्टमरने लावल्या की चालायच्या आणि मग अचानक मधोमध भाजलेला डाग. पहिली तक्रार कालगुर्लीहून आली. तिथे सोन्याच्या खाणींसाठी जाड पत्रे कापणारं एक वर्कशॉप आहे. मॅनेजरचा चेहरा खुलला. "कालगुर्ली! तिथे हवासुद्धा लाल आहे, मेट. धूळ. तुमचीच धूळ," असं त्याने तिथल्या मालकाला फोनवर बजावलं आणि अख्खी शेड प्लास्टिकने बंद करून घ्यायचा सल्ला देऊन टाकला.

मग वॉलॉंगॉंगहून लेन्स आली. हा कस्टमर मी स्वतः पाहिलेला. त्याची शेड माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ आहे. मग आणखी कुठून कुठून. मायक्रोस्कोपखाली सगळ्यांची कथा एकच. मधोमध काळा खड्डा, त्याच्याभोवती उपटलेलं कोटिंग, त्याहीबाहेर एक पुसट तेलकट थर आणि त्या थरात बारीक पिवळट कण. धूळ अशी नसते. धूळ कोरडी असते, टोकदार असते. हे कशात तरी कालवलेलं होतं.

"हे आपल्याकडून जातंय," मी म्हटलं.

माझा सहकारी हुंकारला. मॅनेजर स्क्रीनपाशी वाकला. त्याला बिस्किटांच्या दिवसांतला काही अनुभव आठवत असावा, कारण त्याने डोळे बारीक केले.

"पिवळं आहे," तो म्हणाला.

"हो. पिवळट. भाजल्यामुळे असेल."

त्याने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. त्याच्या डोक्यातून विचार चालत जाताना मला दिसला, अगदी पावलं वाजवत.

"तू घरी स्वयंपाक करतेस ना?"

"करते. तू?"

"नाही, म्हणजे, मसाल्यांचा. त्यात ते पिवळं असतं. टर्मरिक." त्याचा उच्चार त्याने आदराने, प्रत्येक अक्षर सुटं करून केला. "ते कपड्यांवरून, केसांतून येऊ शकतं. बिस्किटांत आम्हाला असं एकदा दालचिनीचं झालं होतं."

मी सांगितलं की मी आत झगा घालते, टोपी घालते, मास्क घालते, आणि डोक्यात हळद घालून फिरायची आमच्यात पद्धत नाही. ऐकणारा असता तर एवढं पुरे होतं. त्याने पुढचा प्रश्न काढला.

"आणि त्या काड्या जाळता का घरी? देवांसमोर? त्याचा धूर तेलकट असतो म्हणे."

"मी कॅथलिक आहे."

तो गोंधळला. त्याच्या नकाशात अशी जागा नव्हती. "ओह! कधी झालीस?"

वसईत आमच्या गावचं चर्च उभं राहिलं तेव्हा या माणसाचे पूर्वज कुठे बटाटे लावत होते देव जाणे. पण व्हिसा, घराचा हप्ता आणि मुलीची शाळा यांनी माझ्या जिभेला बरंच वळण लावलंय. मी म्हटलं, "बऱ्याच आधी."

"ग्रेट, ग्रेट. माझी आजीपण कॅथलिक." मग वातावरण हलकं करावं म्हणून तो सहकाऱ्याकडे वळला. "पुढच्या वेळी लेन्सच्या बॉक्समध्ये एक नानही टाकू या, काय?"

आणि माझा सहकारी हसला. मोठ्याने नाही, मास्कच्या आत, खांदे हलतील इतपतच. पण हसला.

त्याच आठवड्यात फ्रिजवर नवं पोस्टर लागलं. 'गडद रंगाचे घरगुती पदार्थ क्लीनरूमपासून दूर ठेवा.' खाली पिवळ्या रसाच्या वाडग्याचं चित्र, त्यावर लाल फुली. चित्र भोपळ्याच्या सूपचं होतं, वर क्रीमचं गोल वेटोळं आणि पार्स्ली. कारखान्यात भोपळ्याचं सूप आणणारी एकच बाई होती, अकाउंट्समधली. ती बिचारी घाबरून सँडविचवर आली. आणि "तुलाच त्रास नको म्हणून, तपास होईपर्यंत" मला टेबलावरून उठवून पॅकिंगला बसवलं. पॅकिंग म्हणजे खोक्यांत फोम भरायचा.

मी घरी येऊन सांगितलं. नवरा संतापेल असं मला वाटलं होतं. त्याने लॅपटॉपवरून मान वर केली आणि म्हणाला, "मग काही दिवस हळद नको घालूस. नोकरी टिकव. हळद काय, नंतर खाऊ."

मुलगी मात्र पेटली. ती हायस्कुलात आहे आणि तिला अन्याय लांबून ओळखता येतो. "दॅट्स सो रेसिस्ट, मम्मा. यू हॅव टू रिपोर्ट हिम."

"करते. जेवायला ये आधी."

"इज इट फिश? आय'ल जस्ट हॅव टोस्ट."

अन्यायाविरुद्धचा आमच्या घरचा लढा असा टोस्टवर थांबला. आणि खरं सांगायचं तर मी हळद बंद केली. कुणी बघत नव्हतं, कुणी घरी येऊन डबे उघडणार नव्हतं, तरी केली. माझं मलाच कळेना मी कुणाला पुरावा देत होते. मासा नुसतं मीठ आणि लिंबू लावून तळला, तो आजारी माणसाच्या तळपायासारखा दिसत होता. आईने वसईहून व्हिडिओ कॉल केला तेव्हा ताट नेमकं कॅमेऱ्यात आलं. तिने फोन डोळ्यांजवळ नेला.

"बरं नाही का गं कोणाला?"

"बरं आहे सगळ्यांना."

"मग मासा असा पांढरा का? डॉक्टरने सांगितलंय?"

"मॅनेजरने सांगितलंय," मी म्हटलं, आणि मग तिला सगळं सांगावं लागलं. माझ्या आईने आयुष्यात लेसर पाहिलेला नाही. ती म्हणाली, "एवढा मोठा कारखाना आणि चिमूटभर हळदीने बंद पडतो?" तिला खरंच त्या कारखान्याची काळजी वाटली होती.

मी पॅकिंगला बसले तरी लेन्स परत येतच राहिल्या. आता यातल्या काही अशा होत्या की ज्यांना मी बोटही लावलेलं नव्हतं. मी हे मॅनेजरच्या कानावर घातलं. त्याने समजूतदारपणे मान हलवली. "तो पदार्थ हवेत राहतो. रेंगाळतो." मग त्याने अख्खी क्लीनरूम बाहेरच्या माणसांकडून छतापासून पुसून घेतली. त्याचाही फोटो हेड ऑफिसला गेला. पुसल्यावर ज्या लेन्स गेल्या, त्याही जळून आल्या.

तेव्हा मात्र मला राग यायच्या ऐवजी कुतूहल वाटायला लागलं. फोम भरता भरता मी विचार करत होते की हे आहे तरी काय. शेवटी मी मॅनेजरकडे गेले आणि म्हटलं, मला साक्षीदार काचा ठेवू दे. ही आमच्या धंद्यातली जुनी साधी युक्ती आहे. अगदी स्वच्छ काचेचे तुकडे जिथे संशय असेल तिथे उघडे ठेवायचे आणि काही दिवसांनी उचलून त्यांच्यावर काय बसलंय ते बघायचं. काच कुणाची बाजू घेत नाही.

"याला पायलट प्रोग्राम म्हणता येईल का?" त्याने विचारलं.

"म्हण."

"मग कर."

मी एक तुकडा तपासणीच्या टेबलावर ठेवला, एक ड्रॉवरमध्ये, एक मायक्रोस्कोपपाशी, एक बाहेरच्या खोलीत ग्लव्ह्जच्या खोक्यावर. आणि एक डबीत घालून घरी नेला. संशय माझ्या स्वयंपाकघरावर होता, तर साक्ष तिथलीही घ्यायला हवी. त्या संध्याकाळी मी सुरमईला हळद, मीठ आणि आईच्या हातचा मसाला चोळला आणि शेगडीशेजारी काच ठेवून, तेल उडेल अशी खरपूस तळली. नवरा आत आला, वासाने क्षणभर उभाच राहिला.

"तपास संपला?"

"तपासच चाललाय," मी म्हटलं. "बस जेवायला." त्या दिवशी मुलीनेही टोस्ट मागितला नाही.

पुढच्या सोमवारी मी सगळे तुकडे गोळा करून मायक्रोस्कोपखाली घातले. सहकारी शेजारी येऊन बसला. टेबलावरचा तुकडा जवळजवळ स्वच्छ. ड्रॉवरमधला आणि मायक्रोस्कोपजवळचा स्वच्छ. माझ्या शेगडीचा तुकडा म्हणजे जत्रा होती. तेलाचे थेंब, मिठाचे खडे, आणि हळद. मी जांभळा दिवा लावला. त्या उजेडात हळद चमकते, हिरवट पिवळी, दिवाळीच्या रोषणाईसारखी. मग परत आलेली जळकी लेन्स त्याच दिव्याखाली धरली. तिच्यावरचे कण काळेठिक्कर. एकही चमकला नाही.

"हळद नाही," सहकारी म्हणाला. त्याचं त्या आठवड्यातलं हे सगळ्यात लांब भाषण.

आणि ग्लव्ह्जच्या खोक्यावरच्या तुकड्यावर तोच तेलकट थर, तेच कण, फक्त न भाजलेले. पांढरे.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला तेव्हाच शंका आली होती, त्यालाही आली असणार. पण मॅनेजरला चमकणारी हळद दाखवली तर तो म्हणाला, "इंटरेस्टिंग, पण आपण नॉन-बायस्ड राहायला हवं." म्हणजे माझ्या डोळ्यांवर विश्वास नको. तुकडा बाहेरच्या प्रयोगशाळेत गेला. निकालाचा फोन आला तेव्हा त्याने आम्हा दोघांना आपल्या केबिनमध्ये बोलावलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

पलीकडे एक तरुण केमिस्ट बाई होती, घाईत असावी. "सिलिकॉन तेल आहे, झिंक आहे आणि टायटॅनियम आहे," तिने सांगितलं. "हे मिश्रण नेहमीचं आहे. सनस्क्रीन. तुमच्याकडे लेन्सच्या आसपास कुणी सनस्क्रीन लावतं का?"

मॅनेजरच्या मागच्या भिंतीवर पंपाशेजारी अंगठा वर केलेला मॅनेजर फ्रेममध्ये हसत होता.

तो फोनकडे झुकला. "एक विचारू? टर्मरिकमध्ये झिंक असतं का?"

"कशात?"

"टर्मरिक. करीमध्ये घालतात ते."

"असेल थोडंफार, पालेभाजीतही असतं," बाई म्हणाली. "पण टायटॅनियम आणि सिलिकॉन घालून कोणी करी करत नाही. निदान मी तरी अशी खाल्लेली नाही."

मी खिडकीबाहेर पाहिलं. हसले असते तर थांबता आलं नसतं.

आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत गेलो. गुन्हेगार भिंतीवरच होता. पंपाचं तोंड जरा तिरकं बसवलेलं, आणि दाबला की तो हातावर जेवढं सोडायचा तेवढंच खालीही थुंकायचा. खाली बरोबर ग्लव्ह्जचं उघडं खोकं. वरच्या ग्लव्ह्जवर पांढरे शिंतोडे वाळलेले होते, ते ग्लव्ह्जच्या पांढऱ्या रंगात कुणाला दिसले नव्हते. लोक लंचहून परत यायचे, त्याच तेलकट हातांनी खोक्यातून ग्लव्ह्ज ओढून घालायचे आणि मग जगातली सगळ्यात स्वच्छ माणसं असल्यासारखे आत जाऊन लेन्सला हात लावायचे. मीसुद्धा.

मॅनेजरने पंपाकडे पाहिलं, जणू तो रात्रीतून स्वतःच चालत येऊन तिथे बसला होता. "हा इथे असायला नको होता," तो गंभीरपणे म्हणाला.

"नको होता," मी म्हटलं.

दुपारी मी मागच्या शेडच्या सावलीतल्या बाकावर बसले होते. सहकारी येऊन बसला. तो नेहमी चहाचा मग घेऊन येतो, त्या दिवशी हात रिकामे होते.

"सगळ्यात जास्त मीच लावतो ते," तो म्हणाला. "डॉक्टरने सांगितलंय. पुन्हा पुन्हा लावायचं." त्याने नाकाला हात लावला.

"लावायलाच हवं तुला. पंप तू तिथे बसवला नव्हतास."

"ते नाही म्हणत मी." तो म्हणाला. "तो नानचं बोलला, तेव्हा मी हसलो होतो."

"हो."

"का हसलो कोण जाणे. गंमत वाटली म्हणून नाही. तो बॉस आहे, तो विनोद करतो, आपण हसतो. तेवढंच. तू पॅकिंगला गेलीस तेव्हाही मी बोललो नाही. बोलायला हवं होतं."

'नो वरीज' हे या देशात आल्यावर मी शिकलेलं पहिलं वाक्य. पाय तुडवला, नो वरीज. नाव चुकवलं, नो वरीज. तोंडातून ते आपोआप येतं, उचकीसारखं. त्या दुपारी मी ते येऊ दिलं नाही. मी फक्त म्हटलं, "हो, बोलायला हवं होतंस." त्याने मान हलवली, आणि आम्ही दोघं कुंपणावर बसलेल्या गुलाबी-करड्या गॅला पोपटांकडे बघत बसलो. मला वाईट वाटत होतं आणि बरंही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये, जिथे तो एरवी हुंकारही देत नाही, तो उभा राहिला. "ती आजपासून टेबलावर परत येतेय," तो म्हणाला. "आणि फ्रिजवरचं ते पोस्टर ज्याने लावलं त्याने काढावं. आत्ता." सगळे बुटांकडे बघायला लागले. मॅनेजर म्हणाला की या दोन्ही गोष्टी त्याच्या ॲक्शन प्लॅनमध्ये आधीपासूनच होत्या. तरी उठून त्याला फ्रिजपर्यंत चालत जावं लागलं. चिकटपट्टी चांगली घट्ट लावली होती त्याने. भोपळ्याचं सूप तुकड्यातुकड्यांनी निघालं.

कालगुर्लीच्या मालकाला कुणी फोन करणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मीच केला. धूळ तुमची नव्हती, चूक आमची होती, असं सांगितलं. त्यावर त्याने जे शब्द वापरले ते माझ्या आईने वाचू नयेत म्हणून लिहीत नाही. "मी अख्खी शेड प्लास्टिकने गुंडाळलीये," तो ओरडला. "आतमध्ये पोरं शिजतायत माझी! आणि काय होतं ते?"

"सनस्क्रीन."

यावर तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. नव्या लेन्स मी स्वतः तपासून पाठवल्या. त्या टिकल्या.

तपासाचं पुढे काय झालं, तर त्याचं प्रेझेंटेशन झालं. हेड ऑफिसचे लोक आले. मॅनेजरने मोठ्या पडद्यावर दाखवलं की आमच्या पायलट प्रोग्राममुळे प्रदूषणाचा उगम कसा सापडला. साक्षीदार काचांचा फोटो होता, त्यात त्या काचा धरलेला माझा हातही होता, मनगटापर्यंत. हळदीचा उल्लेख एकदाच आला, 'सुरुवातीच्या काही शक्यता वगळण्यात आल्या' या वाक्यात. पंप कुणी लावला याचा उल्लेख कुठेच आला नाही. हेड ऑफिसवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. काही महिन्यांनी त्याला बढती मिळाली आणि तो मेलबर्नला निघाला, अशाच सुधारणा आणखी कारखान्यांत करायला. त्या कारखान्यांत काय बनतं मला माहीत नाही. मी त्यांच्यासाठी चर्चमध्ये एक मेणबत्ती लावली.

त्याच्या निरोपाला सगळ्यांनी घरून काहीतरी आणायचं ठरलं. तो स्वतः माझ्या टेबलापाशी आला. "तुझी ती प्रसिद्ध करी आणशील ना? मला फार उत्सुकता आहे." माझी करी त्याने कधी पाहिली नव्हती, चाखली नव्हती, फक्त तिच्यावर आरोप ठेवला होता. पण त्याच्या चेहऱ्यावर खोट नव्हती. तो मनापासून विचारत होता. मला वाटतं, तीच त्याची खरी ताकद होती. त्याला काहीही आठवत नसे.

मी सुपरमार्केटमधून लॅमिंग्टन, म्हणजे इथले चॉकलेट-खोबऱ्यात घोळलेले केकचे तुकडे, घेऊन गेले. बाकी सगळ्यांनी काय काय आणलं होतं, अकाउंट्सच्या बाईने भोपळ्याचं सूप आणलं होतं, मोठं पातेलंभर, आणि ते तिने त्याच्यासमोर, नजरेला नजर देऊन वाढलं.

भाषण झालं. या टीमकडून, आणि वेगवेगळ्या संस्कृतींकडून आपण खूप शिकलो, असं तो म्हणाला. मग एकेकाशी हात मिळवत माझ्यापर्यंत पोहोचला. माझा हात त्याने दोन्ही हातांत धरला.

"काही मनात नाही ना?" त्याने विचारलं. "नो हार्ड फीलिंग्ज?"

"आहेत," मी म्हटलं.

तो मोठ्याने हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. मी हसले नाही, तरी त्याचं हसणं काही कमी झालं नाही. माझ्या शेजारी उभा असलेला माझा सहकारीही हसला नाही. मॅनेजरने माझ्या खांद्यावर थोपटलं, वाटेत खायला लॅमिंग्टन कागदात गुंडाळून घेतले आणि पार्किंगकडे निघून गेला.